बॅडवॉटरच्या पॅनोरमातला तो वाक पृथ्वीचा नव्हे

कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतल्या बॅडवॉटर बेसिन या मिठाच्या सपाट मैदानाचा एक लांबलचक पॅनोरमा सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. पांढरंशुभ्र मीठ आणि धनुष्यासारखी वाकलेली त्याची पलीकडची कडा. सोबत ओळ: ‘पृथ्वीची गोलाई उघड्या डोळ्यांनी पाहा!’

पृथ्वी गोल आहेच. पण हा वाक मोबाइलचा आहे. पॅनोरमा घेताना फोन फोटोचे सुटे तुकडे जणू नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर चिकटवतो आणि मग ती भिंत सपाट उलगडतो. त्यात डोळ्यांच्या पातळीतली रेष सरळ राहते, तिच्या वरच्या-खालच्या आडव्या रेषा वाकतात. समोरून आडवा जाणारा सरळसोट रस्तासुद्धा कमानीसारखा दिसतो! फोन थोडा झुकलेला असेल, तर दूरची कडाही वाकते.

शिवाय बॅडवॉटर समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली, दोन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं. पश्चिमेला मीठ संपतं तिथे क्षितिज नाहीच, पॅनामिंट डोंगररांगेचा पायथा आहे. (तिचा टेलिस्कोप पीक ३,३०० मीटरहून उंच, तो नजरेतून सुटला कसा?)

तिथे जाणाऱ्यांनी तीच कडा चौकटीच्या मधोमध धरून साधा फोटो काढावा आणि पट्टी लावून पाहावी.