मालवणला बुधवारी जा!

कोल्हापूरकरांनी मालवणला शनिवार-रविवार सोडून जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी वाचा.

माझी आई मालवणची, तिथल्या दांडी किनाऱ्यावरची. बाबा पक्के शिवाजी पेठेतले. रविवारी सकाळी बाबा डबा घेऊन मटणाच्या रांगेत, आणि इकडे आई खोबरं वाटता वाटता "ह्यात तिरफळं पडली असती तर" म्हणून सुस्कारे सोडणार. बाबांचं माशांशी वैर नव्हतं. "पण काट्यांशी कुस्ती कोण खेळणार?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. अपवाद फक्त मोरीचा, म्हणजे शार्क माशाचा. मोरीच्या मटणाला लोक मटणच म्हणतात, म्हणून पेठेच्या इज्जतीला धक्का लागत नसे.

मे महिना मात्र आईचा. एसटीने गगनबावडा, करूळ घाट, तळेरे, कणकवली, कसाल करत आम्ही आजोळी पोचायचो. येताना आजी सुके बांगडे बांधून द्यायची. पिशवी सीटखाली कितीही आत ढकलली तरी वैभववाडी यायच्या आत सगळ्या गाडीला कळलेलं असायचं. एकदा कंडक्टरनेच विचारलं, "ताई, कितीला घेतले?" आईने त्यातले दोन काढून दिले त्याला.

आजोळी वार कुठला आहे ते कुणाच्या लक्षातच नसायचं. आजी तिथी बघायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. कालवं काढायला कधी जायचं, खुबे कधी मिळतील, पोरांना पाण्यात कधी सोडायचं, सगळं त्यावर. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे या शनिवारी सकाळी नऊला ओहोटी असेल, तर पुढच्या शनिवारी नऊला जवळपास भरती असणार. मागच्या वेळी ज्या वाळूवर आपण क्रिकेट खेळलो ती जागा या वेळी पाण्याखाली. आपली मंडळी मात्र "आम्ही गेल्या आठवड्यात इथंच पोहलो की" म्हणून बिनधास्त आत शिरतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओढ कसली असते ते मामाला विचारा. तो पाण्यातच वाढलाय, तरी पाणी बघितल्याशिवाय पाय टाकत नाही. आणि आम्ही रंकाळ्याच्या काठावर भेळ खाऊन मोठे झालेलो!

रापण बघायची तर तीही तुमच्या बुकिंगवर निघत नाही. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून परत किनाऱ्याला लागते, मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं ओढायला लागतात. पुष्कळ वेळ. हात सोलतात. आम्ही पोरंही शेपटाला लोंबकळायचो, उपयोग शून्य, पण मासळीचे वाटे पडताना कालवणापुरते बांगडे आमच्याही पदरात पडायचे. ते बांगडे आजी वेगळे शिजवायची, "पोरांच्या कमाईचे" म्हणून. आता रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही, असं मामा सांगतो. मोठ्या बोटींच्या पर्ससीन जाळ्यांवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या जाळ्यांवर, २०१६ साली सरकारने निर्बंध आणले, पण निर्बंध कागदावर आणि बोटी पाण्यात, हे त्याचं म्हणणं. किनाऱ्यावरच्या माणसाचं हे रोजचं भांडण आहे. पण सेल्फी काढून रविवारी दुपारी घाट चढणाऱ्याच्या कानावर ते कधी जाणार?

जून-जुलैत मासेमारी बंद. तेव्हा आजीकडे सुकं, नाहीतर कुळथाची पिठी. मग नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ लढवायची धमाल. तीही पौर्णिमा असेल त्या वारी, रविवारची वाट न बघता. आमच्या शाळेतून त्यासाठी रजा मागावी लागायची आणि कारण म्हणून आई दर वर्षी "घरगुती कार्य" लिहायची. खोटं म्हणता येणार नाही.

आता मामेभावाने देवबागला होमस्टे काढलाय. त्याचा आठवडा कोल्हापूरवर चालतो. शुक्रवारी रात्री एमएच ०९ च्या गाड्यांची रांग, रविवारी संध्याकाळी अंगण मोकळं. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा त्याचे रोज फोन, "ताई, घाट कधी सुटतलो गो?" त्यामुळे तुम्ही जाऊच नका असं मी म्हणणार नाही, मामेभाऊ मला घरात घेणार नाही. पण एक रजा टाका की राव! लग्नाच्या वरातीला टाकता, कुस्तीच्या मैदानाला टाकता. बुधवारी जा. खोली स्वस्त मिळेल, मामीला बोलायला वेळ असेल, आणि संध्याकाळी लिलावात सुरमईचा भाव कसा चढतो ते उभं राहून बघता येईल. शनिवारी त्या घरातल्या कुणालाच मान वर करायला फुरसत नसते. पाहुणेही घाईत, घरचेही घाईत.

आणि जेवायला बसलात की ताटात येईल ते खा. गेल्या महिन्यात मी तिथे असताना आपल्याच गावची एक गँग उतरली होती. समोर ताजी सुरमई, सोलकढी, आणि त्यातला एक जण मामीला विचारतोय, "मावशी, पांढरा रस्सा मिळंल का?" मामी आत येऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या गावचे आसत, आता तूच कर." केला मी. दोन वाट्या उरल्या, त्या मामाने संपवल्या आणि आईला फोन करून सांगितलं. आई अजून माझ्याशी धड बोलत नाहीये.