आवळ्याच्या रसाने किडनी धुऊन निघत नाही

आमच्या राजेंद्र नगरच्या मराठी ग्रुपांवर आठवडाभर एक संदेश फिरतो आहे. म्हणणं असं: ‘मधुमेहात किडनी साखरेने नाही, गोळ्यांनी जाते. खरं कारण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. रोज आवळ्याचा रस आणि व्हिटॅमिन सी-ईच्या कॅप्सूल घ्या, गोळ्या सोडा, किडनी धुऊन निघेल. क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर चिंता नको.’ (क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ.) मी इथेच इंदूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी हे वाचून मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद केली. सकाळची पोहे-जलेबी चालूच, सुटली ती गोळी. म्हणून लिहायला बसले.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंनी पेशींना होणारी इजा, खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण तो येतो कुठून, हे संदेशात नाही. रक्तात साखर वाढली तरी स्नायूंच्या पेशी इन्सुलिनशिवाय ती फारशी आत घेत नाहीत. किडनीतल्या बऱ्याच पेशींना असं दार लावून घेता येत नाही. बाहेर साखर वाढली की आतही वाढते. त्यात किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळते आणि त्यात उतरलेली साखर नलिकांच्या पेशी परत रक्तात ओढून घेतात. चुलीत गरजेपेक्षा जास्त लाकडं कोंबली की धूर होतो, तसं या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागात, सुपरऑक्साइड हा असाच उपद्रवी रेणू तयार होतो. मायकेल ब्राउनली या संशोधकाने मांडलेली साखळी साधारण हीच. पुढे गाळणीच्या पेशी मरतात, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन लघवीत झिरपू लागतं, व्रण धरतात. वाढलेलं ब्लड प्रेशर त्यात आणखी भर घालतं. म्हणजे साखरेला निर्दोष ठरवायला जे कारण पुढे केलं, ते साखरेचंच काम निघालं.

मग ही इजा रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल का नको? कारण हे करून पाहिलेलं आहे. ‘होप’ या मोठ्या चाचणीत साडेतीन हजारांहून जास्त मधुमेही होते. त्यांतल्या काहींना सुमारे साडेचार वर्षं रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं. किडनीला फायदा झाला नाही. त्याच चाचणीत, त्याच लोकांमध्ये, रॅमिप्रिल या बीपीच्या गोळीने किडनीचा उघड आजार २४ टक्क्यांनी कमी झाला. पेशींची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागवणारं बार्डोक्सोलोन हे औषधही आलं होतं. हार्ट फेल्युअर वाढल्यामुळे २०१२ मध्ये त्याची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली.

आवळा खाऊच नका, असं मी म्हणत नाही. पण व्हिटॅमिन सीचे मोठे डोस शरीरात ऑक्सलेट बनवतात, त्याचे खडे होऊ शकतात. आणि किडनी आधीच थकलेली असेल तर रोजच्या रसातलं पोटॅशियमही जड जातं.

मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. ती किडनीवाटे बाहेर पडते, म्हणून किडनी कमजोर झाल्यावर डॉक्टर डोस कमी करतात, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ३० च्या खाली गेला की बंद करतात. लोक याचा उलटा अर्थ लावतात. किडनीला खरंच मारक गोळ्या म्हणजे गुडघ्यासाठी न विचारता रोज घेतलेल्या पेनकिलर. त्यांच्याबद्दल संदेशात अक्षर नाही.

क्रिएटिनिनच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग आला. जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत ते नॉर्मल दिसू शकतं. काकांचं १.० होतं. लघवीत बुडवलेल्या पट्टीवरचा प्रोटीनचा चौकोन पिवळाच राहिला, जराही हिरवा झाला नाही. ते खुशीत घरी निघाले होते. पण पट्टीला थोडंसं अल्ब्युमिन दिसत नाही, म्हणून मी लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करायला लावला: ८६. हवा होता ३० च्या आत. एका रिपोर्टवर निदान होत नाही, ताप किंवा इन्फेक्शननेही तो वाढतो, म्हणून तीन महिन्यांत पुन्हा बघायचा.

अशा वेळी हातात काहीच नाही असंही नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या नलिकांना साखर परत ओढू देत नाहीत. २०२० च्या ‘डापा-सीकेडी’ चाचणीत किडनी बिघडण्याचं प्रमाण त्यांनी स्पष्ट कमी केलं. कोणाला द्यायच्या ते डॉक्टर ठरवतील.

काकांनी काल मेटफॉर्मिन पुन्हा सुरू केली. दुसऱ्या तपासणीची तारीख काकूंनी कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे.