बारा हजारांचा फरक काडतुसात नाही, मोजण्यात आहे

इशापूरच्या २ए१ रायफलीबद्दल एक दावा सतत फिरत असतो: ही रायफल ७.६२ नाटो या लष्करी काडतुसासाठी बनली, त्याचा दाब ५०,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच); त्याच्याच मापाच्या .३०८ विंचेस्टर या नागरी काडतुसाचा दाब ६२,०००. म्हणून या रायफलीत .३०८ उडवली तर चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो बॅरलचा मागचा भाग, फुटणारच. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांची वजाबाकीच करता येत नाही.

‘दोन्ही आकडे पीएसआयमध्येच आहेत.’ नाहीत. ५०,००० हा आकडा तांब्याच्या जुन्या पद्धतीतला आहे. चाचणीच्या बॅरलला चेंबरपर्यंत भोक पाडतात, त्यात एक दट्ट्या बसवतात आणि दट्ट्यावर तांब्याचा छोटा दंडगोल ठेवून तो वरून स्क्रूने आवळतात. गोळी उडाली की वायू दट्ट्याला ढकलतो आणि तांबं चेपतं. मग मायक्रोमीटरने त्याची उंची घटली किती ते पाहायचं आणि तक्त्यात दाब शोधायचा. ब्रिटनमध्ये अँड्र्यू नोबल यांनी १८६०च्या दशकात तोफांसाठी ही युक्ती रूढ केली आणि पुढे शंभर वर्षं जगाने तीच वापरली. अडचण अशी की तक्ता तयार होतो तांबं सावकाश दाबून, आणि रायफलीत दाबाचं शिखर टिकतं एक मिलिसेकंदाहूनही कमी. तेवढ्यात तांबं पुरतं चेपत नाही, त्यामुळे आकडा खऱ्या शिखरापेक्षा कमी येतो. अमेरिकी लष्कराच्या जुन्या पुस्तिका मात्र या आकड्यापुढे सरळ पीएसआय लिहीत. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

६२,००० हा आकडा पिझो सेन्सरचा, म्हणजे दाबाचं विजेत रूपांतर करणाऱ्या उपकरणाचा. क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार तयार होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं होतं. त्यावर बेतलेला सेन्सर दाबाचा अख्खा आलेख देतो, नुसता कमाल आकडा नाही.

आता सारख्याशी सारखं ताडून पाहा. तांब्याच्या मापात नाटो ५०,००० आणि .३०८ची मर्यादा ५२,०००. सेन्सरच्या मापात नाटोची मर्यादा ४,१५० बार (दाबाचं दुसरं एकक), म्हणजे साधारण ६०,२०० पीएसआय, अमेरिकी मानकात .३०८ला ६२,०००, तर युरोपच्या सीआयपी मानकात .३०८लाही ४,१५० बारच. सेन्सर बसवायची जागा मानकागणिक वेगळी असते, म्हणून उरलेल्या थोड्याशा फरकावरही फार विसंबू नये.

‘मग सूत्र लावून एकातून दुसऱ्यात बदलून घ्या.’ असं सूत्र नाही. शेर आणि किलो यांचं निदान ठरलेलं प्रमाण असतं. इथे तेही नाही. अमेरिकी मानकांत .२४३, .३०८ आणि .२७० विंचेस्टर या तिन्ही काडतुसांची तांब्याची मर्यादा एकच, ५२,०००. सेन्सरने मात्र त्यांच्या मर्यादा अनुक्रमे ६०,०००, ६२,००० आणि ६५,००० ठरल्या.

‘२ए१ म्हणजे .३०३ काडतुसाच्या जुन्या ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीचं बॅरल बदललेलं रूप.’ हे तर साफ चूक. १९६२च्या युद्धानंतर पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डचा आराखडा ठेवला, पण ७.६२ नाटोसाठी अधिक मजबूत पोलाद घेऊन ही रायफल नव्याने बनवली. तिथल्या कारागिरांच्या कामाला इतक्या सहज कमकुवत ठरवलेलं मला सहन होत नाही.

‘प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी असलेली, दारू पेटवणारी छोटी टोपी) चपटा झाला, म्हणजे दाब जास्त.’ प्रायमरच्या पत्र्याचा कठीणपणा आणि चेंबरमधली मोकळीक यांनीही तो चपटा होतो. त्याला मोजमाप म्हणता येत नाही.

काळजी घ्यायची जागा वेगळी आहे. लष्करी चेंबर थोडं लांब ठेवायची मुभा असते आणि नाटोचं पितळी कवच सहसा जाड असतं. नागरी .३०८चं पातळ कवच लांबट, झिजलेल्या चेंबरमध्ये ताणलं जाऊन तळाशी तडकू शकतं. म्हणून साठ वर्षांपूर्वीच्या रायफलीची हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा आणि बोल्टचा पुढचा भाग यांतलं अंतर, कुशल गनस्मिथकडून गेजने तपासून घ्यावी, मग काडतूस कोणतंही असो.