देवदूतांनी इंग्रजीतच का बोलावं?

मी राहते ते अमेरिकेतलं, मिशिगनमधलं ग्रँड रॅपिड्स हे ख्रिस्ती पुस्तकांच्या मोठ्या प्रकाशकांचं गाव. देवदूत आणि दुरात्म्यांच्या लढायांच्या इंग्रजी किशोर कादंबऱ्या इथे सहज मिळतात. पुण्यात आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या कपाटातही त्या पोचल्या आहेत आणि त्या ठेवायच्या की काढायच्या यावर पंचमंडळात वाद पेटलाय. ताई ‘काढा’ म्हणणाऱ्यांत आहे. ती नर्स, तिची रात्रपाळी असली की या कादंबऱ्या वाचणारी तिची मुलगी, माझी भाची, आता दिवा मालवू देत नाही.

मी म्हणते, काढू नका. भीतीचं म्हणाल, तर बायबलमधला, दुरात्म्यांनी पछाडलेला, ‘माझे नाव सैन्य’ म्हणणारा कबरांतला माणूस आम्ही शब्बाथ शाळेतच, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गातच, ऐकला होता. बायबलमधल्याच दानीएलाच्या पुस्तकात पारसाचा अधिपती देवदूताला एकवीस दिवस अडवून धरतो, मग मीखाएल हा मोठा देवदूत मदतीला येतो. हे ऐकूनही आम्ही झोपायचो.

मला खुपतं ते वेगळंच. अमेरिकन लेखक फ्रँक पेरेटींच्या १९८६च्या कादंबरीने ही लाट मोठी केली. त्यात एका अमेरिकन गावावर दुरात्मे येतात ते ध्यानधारणेच्या, पूर्वेकडच्या अध्यात्माच्या आडून. इथल्या, अमेरिकेतल्या बहुतेक मुलांना हे सगळं लांबचं. पण पुण्यात गुरुवार पेठेत ध्यानाला कोण बसतं? शेजारच्या आजी! भाची तापाने फणफणली तेव्हा त्यांनीच तिला मऊ भात भरवला होता. त्यांच्या देवघरामागे ती काळ्या सावल्या शोधू लागली, तर आपण तिला काय वाचायला दिलं? आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर, म्हणजे माणसांशी नाही, असं बायबलमध्ये पौल इफिसकरांना बजावतो. तो धडा या पुस्तकांत फार पटकन निसटतो.

यावर उपाय आपल्याच घरात आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचं, बायबलची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, मराठी ओवीत, आणि त्यात देवदूतांचं बंडही आहे. चारशे वर्षांपूर्वी जे मराठीत सांगता आलं, ते आज पंधरा वर्षांच्या मुलीसाठी का सांगू नये? तरुण संघाने मुलांकडून कथा लिहून घ्याव्यात. छपाईचा खर्च मी देईन, हे पाळकसाहेबांना कळवलंय.

परवा फोनवर भाचीला विचारलं, तुझा देवदूत पुण्यात कुठे उभा राहील? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ससूनमध्ये, मावशी. आईच्या वॉर्डात, रात्री.”

तेच लिही, म्हटलं.