लव्हाळा, लिंबू आणि आईची वचनं

बागकामाने मनाला शांती मिळते असं जो म्हणतो ना, त्याच्याकडे नक्की पगारी माळी असणार. मी स्वतःच्या हाताने करतो त्यामुळे मला शांती सोडून बाकी सगळं मिळालंय, कंबरदुखी, डास, नखातली न निघणारी माती, आणि शिवाय पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, असं काही ज्ञान, जे उपासनेला इतकी वर्षं पहिल्या बाकावर बसून मिळालं नव्हतं.

आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांचा समज असा की बाग म्हणजे भक्तीचा सोपा मार्ग. सकाळी पाणी घालायचं, गुलाबाकडे बघून हालेलुया म्हणायचं, झालं. अहो, शास्त्र उघडून तर बघा. एदेन बागेत आदामाला ठेवलं ते मशागत करायला आणि राखण करायला, म्हणजे पाप व्हायच्या आधीपासून ड्युटी होतीच. पाप झाल्यावर जमीनच शापित झाली, काटे आणि कुसळं उगवतील, घाम गाळशील तेव्हा भाकर खाशील. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा 3 रा अध्याय. संडे स्कूलमध्ये मी हे घडाघडा पाठ म्हणून दाखवायचो. आता गुडघे टेकून (प्रार्थनेसाठी नाही, खुरपं घेऊन) त्याचा अर्थ कळतोय.

काटे तरी परवडले. टोचतात, कळतं, विषय संपला. माझं भांडण आहे लव्हाळ्याशी. शाळेत आपल्याला शिकवलं होतं की पुरात मोठमोठी झाडं वाहून जातात आणि लव्हाळी तेवढी वाचतात, म्हणून माणसाने नम्र असावं. नम्र! ज्याने कुणी हे उदाहरण काढलं त्याने लव्हाळा लांबून, बहुतेक नदीच्या पलीकडच्या काठावरून बघितला असणार. वर बघाल तर चार चकचकीत पाती आणि मधे तिधारी दांडा, ओढलं की अलगद हातात येतं, इतकं अलगद की तिथेच संशय यावा. खाली एक बारीक धागा असतो, तो तुटतो. त्या धाग्याच्या टोकाला काळपट गाठ, तिच्यातून पुढे दुसरा धागा, त्याला आणखी एक गाठ, अशी सगळी माळ मातीत लांबवर गेलेली. आणि लबाडी बघा, ही माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, उगवू देत नाही. आपण वरून उपटून माळ तोडली की आतापर्यंत गप झोपलेल्या गाठी एकेक करून जाग्या होतात. म्हणजे लव्हाळा उपटणारा माणूस हा खरं तर लव्हाळ्याच्याच नोकरीत असतो, बिनपगारी.

पेत्र या शिष्याने प्रभू येशूला विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? तर उत्तर आलं, साताच्या सत्तर वेळा. 490. लहानपणी हा आकडा मला भलताच मोठा वाटायचा. आता वाफ्याचा एक कोपरा नीट खणला की वाटतं, एवढ्या तर इथे गाठीच आहेत. क्षमेचंही तसंच आहे हो. चर्चमधल्या एका गृहस्थांनी ख्रिसमसच्या कार्यक्रमात माझं सोलो गाणं ऐनवेळी काढून दुसऱ्याला दिलं. मी त्यांना क्षमा केली, अगदी मनापासून, हात मिळवला, नाताळचा केकसुद्धा दिला. आणि पुढच्या ख्रिसमसला नुसती कार्यक्रमपत्रिका हातात आली तर काय, आतून हिरवंगार पातं वर! उपटलं होतं ते वरचं. गाठ होती तिथेच होती. बरं, ते गाणंही त्या दुसऱ्याने बेसूर म्हटलं होतं, पण ते असो, नाहीतर परत 490 पासून सुरू करावं लागेल.

आणि अशातच एका रविवारी पाळकसाहेबांनी नेमका निदणाचा, म्हणजे पिकातल्या तणाचा, दाखला घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय. गव्हाच्या शेतात वैरी रात्री येऊन निदण पेरून जातो, चाकर विचारतात उपटून टाकू का, मालक म्हणतो नको, त्याच्याबरोबर गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या. साहेबांनी समजावलं फार छान, की हे निदण ओंबी धरेपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं, मुळं एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून कोण गहू आणि कोण निदण हे ठरवायची घाई आपण करू नये. सगळी मंडळी आमेन म्हणाली. माझा मुलगा जरा जास्तच मोठ्याने म्हणाला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुपारी त्याला खुरपं दिलं तर म्हणतो, बाबा, वचनात आहे, उपटायचं नाही. मी म्हटलं, अरे शेत म्हणजे जग असं प्रभूने पुढे स्वतः स्पष्ट केलंय, आपला पुदिन्याचा वाफा नाही. तर म्हणे, मग आपला वाफा जगात नाही का? आता त्याच अध्यायात कापणी म्हणजे युगाची समाप्ती असंही लिहिलंय, म्हणजे चिरंजीवांचा खुरप्याला हात लावायचा मुहूर्त केव्हाचा ते तुम्हीच बघा.

मुलाचं एकवेळ चाललं असतं, पण माझी खरी परीक्षा आई घेते. ती सावलीला खुर्ची टाकून बसते, मांडीवर मोठ्या अक्षरांचं बायबल, आणि माझ्या प्रत्येक हालचालीवर तिच्याकडे वचन तयार असतं. एवढं राबतो पण घरात कुणाला किंमत नाही असं मी एकदा नुसतं पुटपुटलो, तर चष्म्यावरून बघत म्हणाली, "पौल काय म्हणतो? लावणारा काही नाही, पाणी घालणारा काही नाही, वाढवणारा देव." मी म्हटलं, "अगं आई, मग पाण्याची झारी पण त्यालाच उचलू दे." त्या दिवशी मला जेवण जरा उशिरा मिळालं.

तर लिंबू. हे लिंबू आईने बी रुजवून केलेलं आहे, कलमी नाही. बियाच्या लिंबाला फळ धरायला कितीतरी वर्षं जातात हे मला ठाऊक आहे, पण ठाऊक असणं वेगळं आणि रोज जाता येता त्याचे काटे दंडाला लागणं वेगळं. झाड झालंय माझ्याएवढं, सगळ्यात जास्त ऊन असलेली जागा अडवून बसलंय, आणि फळ सोडा, कळी नाही. मी कुऱ्हाडीचं नाव काढलं मात्र, आई म्हणाली, "लूक 13 काढ."

काढला. द्राक्षमळ्यातल्या अंजिराचा दाखला. मालक म्हणतो, तीन वर्षं फळ बघायला येतोय, मिळत नाही, तोडून टाक, उगाच जागा कशाला अडवतंय. माळी म्हणतो, महाराज, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो, मग फळ आलं तर ठीक, नाहीतर तोडा. आजवर हा दाखला ऐकताना मी स्वतःला ते झाड समजत आलो, चर्चमध्ये सगळेच समजतात, मान खाली घालून. बाग करायला लागल्यावर मी पहिल्यांदा मालकाच्या जागी उभा राहिलो, आणि खरं सांगू, त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं. जागा खरंच अडते हो! आणि माळ्याकडे तर आजवर माझं लक्षच नव्हतं. नुसतं "राहू द्या" म्हणून तो मोकळा होत नाही, खणणार कोण तर तोच, खत वाहणार कोण तर तोच. दया दाखवली की पाटी आपल्याच डोक्यावर येते. आईने दया दाखवली तेव्हा पाटी माझ्या डोक्यावर आली, एवढा एक फरक सोडला तर दाखला तंतोतंत लागू पडला.

पुढच्या वर्षी त्या अंजिराला फळ आलं का? प्रभूने सांगितलंच नाही. मी पान उलटून बघितलं, तर पुढे लगेच येते ती 18 वर्षं कंबरेत वाकलेली बाई, जिला अजिबात सरळ उभं राहता येत नव्हतं आणि प्रभूने तिला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी सरळ केलं. बागेत खणायच्या गोष्टीनंतर थेट कंबर! लूक वैद्य होता म्हणतात, त्याला क्रम बरोबर कळलेला. त्या बाईबद्दल मला आता सख्ख्या बहिणीइतकी आपुलकी वाटते. आमच्या मंडळीत संतांचा फारसा वावर नाही, पण कॅथलिक परंपरेत 7 व्या शतकात आयर्लंडहून फ्रान्सला गेलेले संत फियाकर माळ्यांचे पाठीराखे मानले जातात, आणि तेच मूळव्याधीवाल्यांचेही. तासन्तास उकिडवं बसून निंदणी करणाऱ्याला या दोन खात्यांचा संबंध वेगळा समजावून सांगायला नको.

खत घातलं. भरपूर घातलं, आईच्या देखरेखीखाली. परिणाम असा की लिंबाला पानं आली, काय ती पानं, गर्द, मोठी, तकतकीत. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं, फुलावर येत नाही. मार्क 11 मध्ये प्रभूला भूक लागते, लांबून पानांनी भरलेलं अंजिराचं झाड दिसतं, जवळ जाऊन बघतो तर नुसती पानं, आणि ते झाड मुळापासून वाळतं. तिथे मार्क हळूच लिहून ठेवतो की तो अंजिरांचा हंगाम नव्हता. माझा जीव त्या झाडासाठी आजही तुटतो, पण अंजीर पिकवणारे सांगतात की अंजिराला पानं फुटतात तेव्हा बारकी कच्ची फळं सोबत दिसायलाच हवीत, म्हणजे त्या झाडाने पाटी लावली होती पण दुकानात माल नव्हता. हे मी आमच्या लिंबासमोर उभा राहून मोठ्याने वाचलं. काही फरक पडला नाही.

फरक पडला तो अळ्यांना. एवढी कोवळी पानं बघून फुलपाखरं आलीच. लिंबावरची ही अळी लहान असते तेव्हा अगदी चिमणीच्या शिटेसारखी दिसते, पांढरी-काळी, म्हणजे आपण बघतो, तोंड वाकडं करतो आणि पुढे जातो, आणि तिला नेमकं तेच हवं असतं. मोठी झाली की पानाच्या रंगाची हिरवी होते. तेव्हा तिला काडीने डिवचलं की डोक्यामागून दोन लालसर शिंगं फटकन बाहेर काढते, मऊ, ओलसर, आणि असा काही घाण वास सोडते की हात आपोआप मागे येतो. एका रात्रीत फांदीच्या शेंड्याच्या नुसत्या शिरा उरतात. आता गंमत ऐका. ईस्टरच्या कार्डावर फुलपाखरू असतं, पुनरुत्थानाचं चिन्ह म्हणून, संडे स्कूलच्या भिंतीवर असतं, आमच्या बॅनरवर असतं. कोषातून बाहेर येण्याआधी त्याने कुणाचं झाड खाल्लं हे कुणी छापत नाही. मी पाळकसाहेबांना सुचवलं होतं की एक वर्ष कार्डावर लिंबाचं खाल्लेलं पान पण येऊ द्या, अर्धं तरी. ते हसले. त्यांच्याकडे झाडं नाहीत तेव्हाची गोष्ट.

आईला विचारलं, आता अळ्यांचं काय करू. तिने योना संदेष्ट्याचं पुस्तक काढलं. योनाला सावली मिळावी म्हणून देवाने एका रात्रीत वेल वाढवला, योना खूश, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे देवानेच एक किडा नेमला, त्याने वेल खाल्ला, वेल वाळला. योना चिडून म्हणतो, जगण्यापेक्षा मेलेलं बरं. तेव्हा देव विचारतो, त्या वेलासाठी तुझं हे रागावणं बरं आहे का? आणि योना म्हणतो, हो, बरं आहे, मरेपर्यंत रागावेन. अख्ख्या शास्त्रात मला इतकं जवळचं वाक्य सापडलेलं नाही. वेल नेमणारा तोच आणि किडा नेमणाराही तोच, हे आईला सहज पचतं, मला अळी बोटात धरल्यावर पचत नाही. शेवटी एकेक वेचून डब्यात घेतल्या आणि लांब नेऊन सोडू म्हटलं, तर आई म्हणते, "शेजाऱ्यांच्या लिंबाकडे नेऊ नकोस हं, त्यांच्यावर आपल्यासारखी प्रीती करायचीय." लेकाने विचारलं, आपल्यासारखीच ना, मग आपल्याकडे पण होत्याच की अळ्या. हा मुलगा पुढे धर्मपंडित होणार किंवा वकील.

गुलाबाच्या छाटणीबद्दल मी फार बोलत नाही. योहान 15 मधे फळ न देणारी फांदी काढून टाकतात, आणि फळ देणारीला छाटतात. म्हणजे कात्री दोघींनाही. फळ देऊन सुटका होते असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अध्याय परत वाचावा.

हे सगळं चालू असताना पाळकसाहेबांना कुणीतरी सांगितलं की माझ्या बागेतून मला फार आत्मिक आशीर्वाद मिळतो (आईच असणार, दुसरं कोण). ते घरी आले, चहा घेतला, बाग बघितली, प्रार्थना केली, लिंबासाठी वेगळी केली, आणि निघताना म्हणाले, "आम्हीही आता थोडी सुरुवात करावी म्हणतो, तुमचा पुदिना फार सुंदर आहे, एखादं रोप मिळेल का, मुळांना माती ठेवून द्या म्हणजे दगावणार नाही." मी आनंदाने चांगला मोठा गड्डा खणून, मातीसकट, पिशवीत घालून दिला.

ते गेटबाहेर पडल्यावर आई म्हणाली, "अरे, त्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी आहेत हे सांगितलंस ना त्यांना?"

मी म्हटलं, "कशाला? कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या असं त्यांनीच तर सांगितलंय."