ओलं लाकूड जास्त पुरतं म्हणे!

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, झाली की लातूर-धाराशिवकडं थंडी हाडात शिरते आणि त्याच सुमारास एक मेसेज दरसाल फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ग्रुपवर आला, त्यातला एक भावकीचा. वर 'जाणत्यांची युक्ती' असं लिहिलेलं. मजकूर थोडक्यात असा: ओलसर लाकूड सावकाश जळतं, म्हणून वाळल्याच्या दुप्पट पुरतं. लाकूड नीट वाळायला दोन वर्षं लागतात, त्या नादी लागू नका. ढीग ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळा. आणि रात्री निखारे घमेल्यात काढून खोलीत ठेवा; धूर नाही म्हणजे धोका नाही.

ओला ओंडका चुलीत बराच वेळ पडून राहतो, हे पाहणाऱ्यानं बरोबरच पाहिलंय. पण तो जळत नसतो, उकळत असतो. त्याच्या टोकातून फेस येतो, चर्रचर्र आवाज होतो, आणि फुंकणी मारणारीचे डोळे लाल होतात.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी असतं. दहा किलो बाभळीत चार लिटर धरा. लिटरभर गार पाणी तापवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे ६२० किलोकॅलरी उष्णता लागते. आता अंघोळीची वीस लिटरची बादली घ्या. थंडीतलं १५ अंशांचं पाणी ४५ अंशांवर न्यायला लागतात ६००. म्हणजे लाकडातलं एक लिटर पाणी हाकलायला जेवढी उष्णता खर्चते, तेवढ्यात एकाची अंघोळ होते. चार लिटर म्हणजे चार माणसं. वखारीत लाकूड वजनावर मिळतं, तेव्हा हे पाणी आपण पैसे मोजून घरी आणतो, ते वेगळंच.

खरं नुकसान मात्र याहून मोठं आहे. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतो, आणि आपण जिला ज्वाळा म्हणतो ती त्या वायूची असते. सुक्या लाकडाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन जळतो, उरलेल्याचा निखारा होतो. हा वायू पेटायला काही शे अंशांची धग लागते. पण आत पाणी आहे तोवर लाकूड शंभराच्या आसपासच घुटमळतं. मग चूल थंड राहते आणि वायू न पेटताच धूर होऊन धुराड्यातून निघून जातो. म्हणजे धूर हे न जळलेलं सरपणच. त्याची थोडी खूण मागं राहते: बंबाच्या नळीत डांबरासारखी चिकट काजळी. ती साचली की पुढं वाळलेलं लाकूड घातलं तरी पाणी लवकर तापत नाही.

तेव्हा लाकूड किती वेळ पुरलं हे कशाला मोजायचं? बादल्या किती निघाल्या ते बघा. आणि सावकाश जळणारंच हवं असेल तर त्याला ओलावा नको, जाडी हवी. पेटवायला तुराट्या-पऱ्हाट्या, त्यावर मनगटाएवढ्या फाकी, आणि धग धरली की बाभळीचा वाळलेला जाड ओंडका. शेवग्याचं किंवा पांगाऱ्याचं लाकूड कितीही ओलं ठेवलं तरी बाभळीची बरोबरी करणार नाही. ते मुळातच हलकं.

दोन वर्षांचं म्हणाल, तर ते गार, दमट मुलखातल्या ओकच्या ओंडक्यांचं गणित आहे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि वारा तोंड भाजतो. फाल्गुनात तोडून, फोडून ठेवलेलं लाकूड मृगाच्या आत वाळतं. अट एकच, ते फोडलेलं हवं. साल पाणी कोंडून ठेवते, अख्खा गोल ओंडका वर्षानंतरही आतून ओला निघतो. शंका असेल तर एक फाक वाण्याच्या काट्यावर तोलून धाब्यावर टाका आणि आठवड्या-आठवड्यानं पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की समजा वाळलं. माझी आजी दोन फाकी एकमेकींवर आपटायची. खणखणीत वाजल्या तर चुलीत, बद्द वाजल्या तर परत उन्हात.

ताडपत्रीबद्दल फार लिहीत नाही. चहूबाजूंनी गुंडाळलेल्या ढिगाला घाम सुटतो आणि बुरशी धरते. पावसाळ्यात फक्त माथा झाका, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. खाली दगड, त्यावर आडवे वासे, मग थर. काळ्या मातीवर थेट रचलं तर वाळायच्या आधी वाळवीच ते खाते. आणि हात घालण्याआधी ढीग काठीनं ठोका, विंचवाला ती जागा आपल्याइतकीच आवडते.

आता घमेल्याचा मुद्दा. बाकीचं चुकलं तर लाकूड वाया जातं. इथं चुकलं तर माणूस जातो. निखाऱ्याला धूर नसतो हे खरं, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्याला यातलं काहीच कळत नाही. धूर निदान खोकला आणून उठवतो तरी.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. खिडकीच्या फटीत कापडाचे बोळे, दार बंद, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, वर ओवा-शेपांची धुरी. कौतुकानं, मायेनं केलेलं सगळं, आणि आत काही दिवसांचं लेकरू. शेक द्यायचाच तर जागेपणी, दार-खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळ. ऊब हवी तर अंथरायला-पांघरायला वाढवा, कानटोपी घाला.

आमच्याकडं जेवणं झाली की शेगडी ओसरीच्या पलीकडं अंगणात जाते. आई निखाऱ्यांवर राखेचा जाड थर पसरते. पहाटे राख सारली की आत विस्तव शिल्लक असतो, आणि मूठभर तुराट्या लावल्या की बंब पेटतो.