फ्लॅग्लरच्या आधीची मायामी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचा आक्षेप असा की फ्लोरिडातल्या डेड काउंटीवरच्या (म्हणजे मायामी ज्यात येतं त्या जिल्ह्यावरच्या) लेखात मी जमीनमालक ज्युलिया टटल आणि रेल्वेवाले हेन्री फ्लॅग्लर यांना चार ओळींत उरकलं आणि उरलेली जागा ‘मजूर आणि कंदमुळां’वर घालवली; तुमच्या मते रेल्वे आली नसती तर तिथे डासांशिवाय काही नव्हतं.

डासांबद्दल वाद नाही. पण काउंटी स्थापन झाली १८३६ मध्ये आणि रेल्वे मायामीला पोचली एप्रिल १८९६ मध्ये. मधली साठ वर्षं माणसं जगत होतीच की! कशावर, तर त्याच कंदांवर. कून्टी ही तिथली रानवनस्पती, तिचा कंद विषारी. तो किसायचा, पाण्यात पुन्हापुन्हा धुवायचा, तळाशी बसलेलं सत्त्व उन्हात वाळवायचं. कोकणात तवकीर काढतात साधारण तसंच. सेमिनोल या तिथल्या आदिवासी लोकांची ही विद्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी उचलली आणि पीठ की वेस्ट या दक्षिणेकडच्या बेटावर विकून घर चालवलं. कोकोनट ग्रोव्ह या मायामीलगतच्या वस्तीत १८८०च्या दशकात बहामा बेटांवरची मंडळी आली. चुनखडीच्या खडकावर झाड कसं जगवायचं, घर कसं बांधायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता संत्र्याच्या फुलांची गोष्ट. १८९४-९५च्या कडाक्याच्या थंडीत उत्तरेकडच्या संत्र्यांच्या बागा गेल्या, तेव्हा टटलबाईंनी फ्लॅग्लरला टवटवीत फुलं पाठवली आणि तो विरघळला, असं सांगतात. गोड आहे, पण फुलांवर रूळ टाकणारा माणूस नव्हे तो. बाईंनी आपल्या ६४० एकरांतले निम्मे भूखंड, शिवाय हॉटेलसाठी १०० एकर देऊ केले. नदीपलीकडच्या ब्रिकेल कुटुंबानेही जमीन दिली. सौदा होता, आणि बाईंना तो महागात पडला. १८९८ मध्ये त्या वारल्या त्या कर्ज मागे ठेवून.

मजुरांचं म्हणाल, तर शहर म्हणून नोंद व्हायला ३०० मतदार लागत. जुलै १८९६ मध्ये तो आकडा गाठायला काळे मजूर मोजले गेले, मतदारांत एक तृतीयांशाहून जास्त. मग त्यांनाच रुळांपलीकडच्या ‘कलर्ड टाउन’मध्ये राहायला लावलं, कारण इतरत्र जमीन काळ्यांना द्यायची नाही, अशी खरेदीखतांतच अट. हे गाळून शहराचा जन्म सांगायचा कसा?

‘मराठी वाचकाला याचं काय’ असंही विचारलंत. १८८९ मध्ये मुंबईहून मुलगोबा आंब्याची कलमं अमेरिकेत गेली. काही लेक वर्थला, म्हणजे तेव्हाच्या डेड काउंटीतच, एल्ब्रिज गेल यांच्याकडे पोचली. त्याच थंडीतून एक झाड तगलं. त्याच्या वाणाचं बी कॅप्टन हेडन यांनी १९०२ मध्ये कोकोनट ग्रोव्हमध्ये लावलं आणि त्यातून निघाला हेडन आंबा. अमेरिकेतल्या दुकानांत दिसणारा टॉमी ॲटकिन्स हा हेडनचाच वंशज. त्याच्या चवीबद्दल तरी आपलं एकमत व्हायला हरकत नाही.